मिरीचा तंग दुसऱ्यांदा कसणाऱ्यास

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा घोडे सांभाळणे व लोकांना घोड्यावर बसायला शिकवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. डोके ठिकाणावर आहे; शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तसे तपासून सांगितले आहे. तक्रार फक्त हृदयाच्या झडपेची. बुधवारी ऑपरेशन आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही." नवख्या माणसाला पहिल्यांदा घोड्यावर चढवताना मीही हेच म्हणतो, म्हणून लिहायला बसलो. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे वकिली शब्द कमी आहेत. अर्थ मात्र एकच निघावा असे लिहिले आहे.

कलम पहिले. बाबांच्या घरातल्या माझ्या वाटणीच्या पुढच्या दोन खोल्या वहिनीला द्याव्यात. दादाला नाही. दादाला राग येईल, येऊ दे. बाबा गेल्यापासून माझे ताट कोणी झाकून ठेवले हे त्यालाही माहीत आहे. अट एवढीच, की तबेल्याकडची खिडकी बुजवू नये. घोडा सारखा लोळू लागला, मान वळवून पोटाकडे बघू लागला, तर तिथूनच दिसते. तो पोटशूळ असतो. चारा काढून घ्यावा, पशुवैद्याला लगेच बोलवावे. "बघू सकाळी" म्हणू नये. बाबांचा पांढरा घोडा "बघू सकाळी" मध्येच गेला.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक मिरी या काळ्या घोडीच्या चाऱ्यासाठी, नालांसाठी आणि औषधासाठी आहे. त्यातून माझा फोटो मोठा करून घेऊ नये.

कलम तिसरे. अंग घासायचा खरारा, ब्रश आणि खूर साफ करायचा आकडा मुळात नालबंदकाकांचे; ते आजच त्यांच्या हाती परत दिले, म्हणजे ते साक्षीला मोकळे. आकडा टाचेकडून पुढे ओढायचा, तळव्याला कुजका वास आला तर खाली ओल आहे असे समजून आधी जमीन कोरडी करायची, हे त्यांनीच मला शिकवले. शिकवताना शिव्याही दिल्या. त्या परत करता येत नाहीत, आकडा करता येतो.

कलम चौथे. आमच्याकडे घोडा ठेवणारे दातांचे डॉक्टर यांना खोगिराच्या साबणाचा अर्धा डबा आणि माझे फडके. त्यांनी ओले खोगीर उन्हात वाळवून चामडे तडकवले, आणि मी बोललो तर म्हणाले, "अरे, चामडंच आहे, दात नाही." ओले चामडे सावलीत वाळवावे, मग साबण, मग थोडेसे तेल. शिवण दर वेळी बोटाने ओढून बघावी. पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा तुटला की दातच जातात, हे त्यांना वाचून दाखवावे.

कलम पाचवे, मिरी. घोडे इथेच पेंड खाते आहे. चार वेळा लिहून फाडले.

मिरीला तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती पोट फुगवते. आधीचा मालक गुडघा लावून एका हिसक्यात आवळायचा, तेव्हापासूनची ती सवय. म्हणून तिचा तंग आधी सैलच लावावा, तिला थोडे फिरवावे, तिने श्वास सोडला की पुन्हा कसावा, आणि मगच रिकिबीत पाय घालावा. दोन वर्षांपूर्वी दादाने एकदाच कसला आणि शिकणाऱ्यांसमोर ऐटीत चढला. खोगीर फिरले. दादा खाली, गळपट्टीचे हाड मोडले, आणि कोणीतरी हसले. त्या दिवसापासून दादा तिला लबाड म्हणतो आणि तबेल्याची पायरी चढत नाही. "तू गेलास की दुसऱ्या दिवशी टांगेवाल्याला देतो तिला," असे तो रागात म्हणाला होता. तेव्हा मला काही झालेले नव्हते. आता मला रात्रभर तेवढेच वाक्य ऐकू येते.

नालबंदकाका म्हणाले, "मला दिली असतीस तर घेतली असती रे, पण माझं मलाच उठवत नाही. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना काय सांभाळायचं?"

मागच्या आठवड्यात तपासण्यांसाठी दवाखान्यात राहून परत आलो. मिरीच्या पाठीवर खरारा केलेला होता, पण पोटाखाली घामाची रेघ राहिली होती. एकदाच कसलेला तंग सरकतो आणि केस घासतो; इथे केस कुठेही घासलेले नव्हते. ज्याने तंग कसला, त्याने दोनदा कसला होता.

"दादा, तबेल्यात गेला होतास?"

"मांजर शोधायला गेलो होतो."

"आपल्याकडे मांजर नाही."

"म्हणूनच सापडलं नाही," दादा म्हणाला आणि आत निघून गेला. वहिनी पदर तोंडाला लावून हसली.

या कलमातली नावाची जागा मी शेवटपर्यंत कोरी ठेवली होती. आज सही करायला सगळे जमले. दादा स्वतःचे पेन घेऊन आला, म्हणाला, "दे, साक्षीदार म्हणून मी करतो. भाऊ कशाला असतो?" मी म्हणालो, "ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही करायची नसते."

"मग मला काय अडचण? खोल्या तर तुझ्या वहिनीला."

मी पाचव्या कलमातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले. एवढे बोलूनही दम लागतो. दादाने तिकडे पाहिले. मग पेनाचे टोपण लावून म्हणाला, "संध्याकाळी तिला चालवायला न्यायची असते ना? सैल लावून आणतो. दुसऱ्यांदा तू कस. बुधवारपर्यंत तूच."

कोऱ्या जागेत लिहीत आहे: मिरी, माझ्या थोरल्या भावास. "टांगेवाल्याला देऊ नये" या अटीची गरज उरलेली नाही, म्हणून ती खोडली आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

ठिकाण: तबेल्यालगतची खोली.
तारीख: ऑपरेशनआधीचा रविवार, दुपार.

लिहून देणार: धाकटा (सही)

आमच्यासमोर, शुद्धीत असताना सही केली:
१. नालबंदकाका (सही, हात काळा असल्याने डाग पडला आहे, तो मजकूर नव्हे)
२. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)