गोळी लागू पडेपर्यंत

आत्याबाई, तुमची सून लिहितेय. चौथीत शाळा सुटली, त्यामुळं अक्षर कधीच धड नव्हतं. आता तर ओळ संपेस्तोवर मुंगीएवढं होतं. तुम्हाला होता तोच कंपवात मला झालाय. सासूकडून सुनेला लागत नाय म्हणतात डॉक्टर. मला मात्र तुमचाच वाटतो. सकाळची गोळी लागू पडेपर्यंत मी खाटेवर ओंडका. मग तास-दोन तास माणसात येते, चहा ओतते, नातीची वेणी घालते, आणि पुढच्या गोळीच्या लई आधीच उंबऱ्यापाशी पाय भुईला चिकटतात. डोकं चल म्हणतं, पाय ऐकत नाय. गोळी वाढवली तर अंग सापासारखं वळवळतं. आता वाढवायला जागा नाय, म्हणाले डॉक्टर. पुढं काय ते मला कुणी सांगायला नको, तुमचं शेवटपर्यंत पाहिलंय.

पडेगावच्या घरात सकाळी तुमच्यानं पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता आणि दुपारी तुम्ही अंगणात तूर पाखडायचात. मी शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "काम दिसलं की थरथर, गप्पा दिसल्या की बरी!" तुम्ही म्हणालात, "तुझ्या तोंडाला गोळी नाय का गं मिळत कुठं?" तेव्हा मीपण हसले होते. रिकाम्या पोटी औषध द्यायचं नाय ही आपल्या घरची रीत, म्हणून तुम्हाला जेवू घालून गोळी, वर पेलाभर दूध. परवा डॉक्टर म्हणाले, जेवणाआधी अर्धा तास घ्या, अन् दुधासंगं तर नकोच, गोळी अडते. म्हणजे मी दूध पाजून तुम्हाला बांधून घालत होते. ते अडाणीपण होतं. त्याचं मला एवढं काय नाय.

पण गोळी लागली की तुम्ही काठी टेकत शेजारी जाऊन माझी गाऱ्हाणी सांगायचात. म्हणून कितीदा तरी दुपारची गोळी मी मुद्दाम उशिरा दिली. तुम्ही खाटेवर पडून विचारताय, "वेळ झाली का गं?" मी भाकरी थापत म्हणतेय, "अजून नाय." घड्याळ तुमच्या पाठीमागं, अन् मान वळत नाय.

हा कागद मी गॅसवर धरणार आहे. माझी सून मिनिटाचा उशीर करत नाय. मोबाइलचा गजर वाजला की गोळी-पाणी घेऊन हजर. तिच्या हाती हे पडायला नको. तिला अजून हे सुचलेलं नाय.