हर्नियानंतरची सोबत

१० मार्च, संध्याकाळ
हर्नियाचं ऑपरेशन झालं. सकाळी गेलो, दुपारी घरी. नर्सनं सूचना वाचून दाखवल्या. जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, पहिली रात्र एकटं राहायचं नाही. लिफ्ट तपासण्यात जन्म गेला आणि मलाच लिफ्टिंग बंद! सोबत कोण, असं विचारलं. म्हटलं, बायको आहे. खोटं नाही. हॉलमध्ये फोटो आहे. ती जाऊन दीड वर्ष झालं, हे नर्सनं विचारलंच नव्हतं.
मुलगी रजा टाकून निघणार होती. तिला फोनवर सांगितलं, सोबतीला बाई ठेवलीय.
संकल्प: चौथ्या दिवशी कामावर हजर.

११ मार्च, सकाळ
स्वयंपाकघरातला ड्रॉवर धाडकन बंद झाला. कमरेनं ढकलून बंद करायची सवय बायकोची. भुलीचा अंमल, दुसरं काय. मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस. अजिबात घाबरलो नाही. स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली, ती वाऱ्यामुळे.

दुपार
पाण्यासाठी कडी काढावीच लागली. मागून आवाज, अहो, जरा हळू. म्हटलं, अगं, हळूच चाललोय! मग स्वतःवरच चिडलो.
संकल्प: यापुढे उत्तर द्यायचं नाही.

१२ मार्च
भूल एव्हाना उतरली असणार. म्हणजे दुखण्याच्या गोळ्यांचा परिणाम. चहा दोन कप झाला. अंदाज चुकला.
हॉस्पिटलमधून नर्सचा चौकशीचा फोन. घरच्यांना द्या, म्हणाली. म्हटलं, आत कामात आहे. तेवढ्यात आत भांडं पडलं. नर्स म्हणाली, हो, येतोय आवाज, असू द्या.
फोन ठेवून गोळ्यांचं पाकीट पुन्हा वाचलं. गोळ्या मी घेतोय, नर्स नाही.

१३ मार्च
आज गोळीच घेतली नाही. चिक्कार दुखतंय. कामावर उद्या जायचं होतं, ते सोमवारी. साहेबांना सांगितलं, विश्रांती तुमच्या आग्रहाखातर घेतोय. त्यांनी आग्रह केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.
आता तिच्या कपाटात हँगर सरकतात. एकेक, सावकाश. बाहेर जाताना काय घालायचं ते ठरत नसलं की सरकायचे तसे. उंदीर असणार. नुसत्या आवाजावरून लिफ्टचा बिघाड ओळखणारा मी, मला उंदीर कळणार नाही? कपाट जरा ओढून बघतो. ओढणं म्हणजे उचलणं नव्हे.

१५ मार्च, हॉस्पिटल
टाके उसवले. पुन्हा घातले.
कपाट चार बोटं सरकलं. मागे उंदीर नव्हता. काहीच नव्हतं. मी फरशीवर आडवा, उठता येईना. तिला हाक मारली. अगं, ये गं जरा. पुन्हा मारली. घसा बसेपर्यंत मारत होतो. ड्रॉवर नाही, भांडं नाही, हँगर नाही. घर एकदम गप्प. शेवटी खालच्या काकू त्यांच्याकडची किल्ली घेऊन धावत आल्या.
मुलगी कालपासून इथेच आहे. आधी रागावली, मग रडली. मघाशी विचारत होती, बाबा, काकू म्हणतात, अगं अगं चाललं होतं, एवढ्या हाका कुणाला मारत होतात? म्हटलं, काकूंना.
बरं, म्हणाली. आणि माझं पांघरूण नीट करत बसली.
काकूंना मी कधी अगं म्हणत नाही. तिला माहीत आहे.