अकरा नंबरच्या आजींना सगळं समजलं होतं

३ जून
रुग्णांशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या रीतीनं कसं वागावं, हे नर्सेसना शिकवायला माझी निवड. वॉर्डात अठरा वर्षं काढलीत, उगाच नाही.
संकल्प: अकरा नंबर बेडच्या आजींचा विचार बंद. त्यांना आपली भाषा येत नव्हती, तरी डिस्चार्जच्या दिवशी वीस मिनिटं मोठमोठ्यानं समजावलं. लाल गोळी सकाळी, पांढरी संध्याकाळी. त्यांनी मान डोलावली. फॉर्मवर 'समजले'पुढे टिक आहे. घरी गोळ्यांची अदलाबदल झाली आणि चौथ्या दिवशी गेल्या, त्याला मी काय करणार? वयही झालं होतं.

५ जून
पहिला वर्ग झकास. नियम पहिला: परक्या भाषेच्या माणसावर नुसतं ओरडू नये. सगळ्यांनी लिहून घेतलं.
शेवटच्या ओळीत आजी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. पित्त वाढलं की असं दिसतं.

८ जून
पित्ताच्या गोळ्या चालू. शेवटची ओळच काढून टाकली. आजी दुसऱ्या ओळीत.
बायको म्हणाली, रजा घे. वा! ट्रेनिंग ऐन रंगात आलेलं असताना?

११ जून
एका नर्सनं विचारलं, सर, दुभाषी मिळाला नाही तर? म्हटलं, शोधला की मिळतो. तिनं विचारलं, तुम्ही कधी शोधलात?
चहाची सुट्टी दिली.
मला भीती वाटते. लिहून टाकलं, आता जाईल.

१३ जून
शुभवार्ता! वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशींना आजींची भाषा येते. त्या दिवशी तिथेच पुसत होत्या. म्हणजे साक्षीदार आहे! आजींना समजलं होतं, एवढं त्यांच्या तोंडून ऐकलं की प्रकरण मिटलं. उद्याच विचारतो.

१४ जून
मावशी कामात होत्या.

१५ जून
मी कामात होतो. चादरींच्या खोलीत, दार लावून.

१६ जून, सकाळी ११
विचारलं.
मावशी म्हणाल्या, आजी सारख्या सांगत होत्या की मला रंग ओळखू येत नाहीत, गोळ्या दोन वेगळ्या फडक्यांत बांधून दे. मावशी मला ते सांगायला पुढे आल्या होत्या. मी म्हणालो होतो, मावशी, आधी फरशी.
म्हणालो होतो खरा.
मग मान का डोलावली? मावशी म्हणाल्या, तुम्ही बांधून देताय असं वाटलं त्यांना.
आणखी काही बोलल्या का?
बोलल्या. हा पोरगा केव्हाचा ओरडतोय, घसा बसेल त्याचा, पाणी दे त्याला.
मावशींनी दिलं होतं. मी प्यायलोही होतो, अख्खा ग्लास.