गळालेली सत्तावीस स्थळं

सोम. १२ जाने.
कडाक्याची थंडी. सकाळीच नलूताई येऊन पेनड्राइव्ह ठेवून गेल्या. हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वधू-वर समितीच्या त्या प्रमुख, मी बिनपगारी कॉम्प्युटरवाली. एकशे अठरा स्थळं. मेळावा १ फेब्रु.ला. वेबसाइट अर्ध्या एमबीच्या वरचा बायोडाटा घेत नाही आणि लोकांनी पाठवलेत बारा-बारा, चौदा-चौदाचे. वर गणपती, चहूकडे गुलाबाची वेल, मधे पोरगी पाच साड्यांत. "तुम्हीच करा हो. माझ्या भाच्यानं हात टेकले." भाचा इंजिनियर. मी शिवणाच्या क्लासवाली. चलो, बघू.

एकेक फाइल करायची तर संक्रांत काय, होळी येईल. सगळ्या एकदम, यंत्राकडून.

मंगळ. १३ जाने.
दिवसभर व्हिडिओ पाहिले. बोलणारा पोरगा इतका घाईत बोलतो की जसं दूध उतू चाललंय. थांबवून थांबवून वहीत उतरवलं. चार ओळी लिहायच्या: या फोल्डरातल्या फायली उचल, दाब, त्या फोल्डरात टाक. पहिल्यांदा स्वल्पविराम चुकला, काहीच झालं नाही. नवव्यांदा जमलं.

प्रत्येक घराचं वेगळं फोल्डर केलं, आडनाव-वस्ती लिहून. दळणाच्या डब्यांना चिठ्ठ्या लावतात तसं.

करता करता वाचणं आलंच. शिसारी आली. "गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष." एक अडतीस वर्षांचे चिरंजीव, अपेक्षा पंचविशीच्या आतली. एकीचा चेहरा स्टुडिओवाल्यानं इतका उजळला की नाकच राहिलं नाही. बाजारात वांगीसुद्धा लोक उलटून पाहतात, इथे तर वांग्यालाच रंग लावलाय.

बुध. १४ जाने. संक्रांत
मेधाचं पान पाहिलं. शकूवहिनींची मेधा. रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरात आम्ही वीस वर्षं भिंतीला भिंत, मग त्यांनी महाराजपूरला घर बांधलं. ही पोर माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. आता कॉलेजात शिकवते, तेहतीस. हातांवर कोड. एकच फोटो दिलाय, दोन्ही हात टेबलावर, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. वेल नाही, गुलाब नाही. एकशे अठरांत एवढा एकच माणसाचा फोटो.

तिला फोन केला. म्हणाली, "मावशी, हाथ दिखने चाहिए. छोटं करताना तेवढं पाहा."

संध्याकाळी हळदीकुंकवाला नलूताईंनी बाजूला घेतलं. "ते मेधाच्या हातांचं... लहान करताना पुसट होऊन जाईल ना आपोआप?"
"कपड्याचा डाग आहे का तो?"
"अहो, मी पोरीच्या भल्यासाठीच बोलून राहिली."
तिळगूळ हातात होता. तोंडात घालवला नाही.

गुरु. १५ जाने.
फत्ते. बटण दाबलं, चहा ठेवला, चहाला उकळी येते न येते तोवर बरंच उरकलं होतं. चौदाचा अर्धा एमबी झाला आणि अक्षर तसंच. मधूनच दहा-बारा उघडून पाहिल्या. चेहरे ठीक. सगळ्या एका फोल्डरात जमा करून नलूताईंना पाठवल्या. तिथून वेबसाइटवर आणि तिथूनच पुस्तिकेसाठी प्रेसला.

स्वतःची पाठ थोपटली. हे असते तर म्हणाले असते, फॅक्टरीत लागली असतीस तर फोरमन झाली असतीस.

रवि. १८ जाने.
शकूवहिनींचा फोन, दुपारी. पुस्तिका छापून आली. आवाज कोरडा.
"आमच्या मेधाचं पान नाही त्यात."
"असं कसं, मी स्वतः..."
"तूच केलंस ना सगळं? म्हणून तुलाच विचारून राहिली."
ठेवला.

फोल्डर उघडलं. लहान फायली एक्क्याण्णव. दिल्या होत्या एकशे अठरा. मेथीची जुडी मोजून घेणारी मी, इथे मोजलं नाही.

दोन तासांनी उमजलं. घरांची फोल्डरं वेगळी, पण आतल्या फायलीला बऱ्याच घरांनी नाव दिलंय एकच. बायोडाटा. नाहीतर बायोडाटा फायनल. लग्नाच्या घरात दुसरं नाव सुचणार कुणाला. मी सगळ्यांना एका ताटात वाढायला सांगितलं आणि एका नावाची दुसरी फाइल आली की यंत्रानं पहिली पुसून तिथे ती बसवली. विचारलंसुद्धा नाही. मीच सांगितलं होतं चौथ्या ओळीत, विचारू नको म्हणून. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. मेधाच्या जागी त्या अडतीस वर्षांच्या चिरंजीवांचं पान बसलंय.

स्वतःचीच किळस आली.

सोम. १९ जाने.
नलूताईंना फोन करणार, तोच त्या दारात. हातात खोवा जलेबी, सराफा बाजारातून येताना आणलेली. मी काही बोलायच्या आत माझा हात धरला.
"तुम्ही मोठं चोख काम केलं. न बोलता."
"काय केलं मी?"
"ते मेधाचं हो. आम्हाला तोंड उघडून नाही म्हणता येत नव्हतं. मुलाकडचे पाहतात, मग म्हणतात, मंडळ काहून असली स्थळं ठेवते."

सांगितलं, चूक झाली, सव्वीस घरं आणखी गळालीत. तेव्हा चेहरा उतरला. मेधाच्या नावाला नाही, सव्विसांच्या.

जलेबी समोरच्या चौकीदाराला दिली. घरात वास राहिला, खिडक्या उघडल्या तरी जाईना.

मंगळ. २० जाने.
चार ओळी दुरुस्त केल्या. आता फाइल दाबली की पुढे आडनाव-वस्ती लागते. पुन्हा चालवलं. मोजलं. एकशे अठरा. पुन्हा मोजलं.

नलूताई फोनवर: समिती पुरवणी काढणार, सव्वीस पानी, पुस्तिकेत घालून द्यायची. सव्वीस घरांना त्या स्वतः फोन करून माफी मागताहेत. "तेवढ्या सव्वीस फायली पाठवा."
"सत्तावीस."
"पानं भरली हो. सव्वीसच बसतात."
सव्वीस बसतात आणि सत्ताविसावं बसत नाही. पंगतीत एका पानाला जागा करता येत नाही म्हणणारा यजमान मी आयुष्यात पाहिला नाही.

बुध. २१ जाने.
बसनं अधारताल, तिथून रिक्षा. वहिनींनी दार उघडलं. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सगळं सांगितलं. फोल्डर, नावं, ताट. वहिनी पदराचं टोक गुंडाळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कॉम्प्युटरला बरोबर माझीच पोर सापडली."
काय सांगू. आणखी सव्वीस सापडल्या, हे खरं. पण त्यांना फोन गेले.

मेधा कॉलेजातून आली. तिनं एवढंच विचारलं, "बाकी लोगों को कब बताया?"
"काल."
"और हमको?"
हसली ती. राग असता तर बरं झालं असतं. "मावशी, तुमची गलती मी समजते. मी पण विद्यार्थ्यांचे मार्क्स एकदा असेच उडवले होते. पण आता तुम्ही मला सत्ताविसावी करून घुसवू नका. मला त्या हॉलमध्ये जायचंच नाही."
वहिनी आतून, "जायचं नाही म्हणते. मग बस जन्मभर."
"बसीन."

निघताना वहिनींनी हळदीकुंकू लावलं. डोळ्याला डोळा दिला नाही.

शुक्र. २३ जाने.
नलूताईंचे तीन फोन. उचलले नाहीत. चौथा उचलला.
"प्रेसवाला उद्या एकपर्यंतच थांबणार. अशा वेळी तत्त्वं काय काढून बसलात? सव्वीस आयांचा विचार करा."
करतेच आहे. त्यांचा दोष काय. गाळल्या मी, ताटकळतील त्या.
"आणि सत्ताविसाव्या आईचा कुणी करायचा?"
"तुमचं आपलं भलतंच."

सव्वीस पाठवल्या तर नलूताईंची चाकरी झाली. सत्तावीस पाठवल्या तर पोरीनं नाही म्हटलेलं मोडलं. तिच्या भल्यासाठी, म्हणायचं मग मीही. त्या शब्दाचा वीट आलाय.

संध्याकाळी मेधाला लिहिलं: "सव्वीस मी पाठवणार नाही. तू हो म्हणालीस तर सत्तावीस. नाही म्हणालीस तर हे काम सोडते, फायली नलूताईंनी दुसऱ्याकडून करून घ्याव्या. तू ठरव." वाचल्याच्या खुणा लगेच निळ्या झाल्या.

शनि. २४ जाने.
सकाळी आठला तिचं उत्तर. "सोच के बताती हूँ. आज परीक्षेची ड्यूटी, फोन तीनपर्यंत जमा."

साडेदहा. वहिनींचा फोन. "पाठव तू. मी आई आहे तिची, मी सांगते."
"तिला विचारलंत?"
मागे कुकरची शिट्टी. मग, "तू ये ना गं एकदा. चहा राहिला त्या दिवशी." ठेवला.

पावणेएक. प्रेसवाल्याला मीच फोन लावला.
"भैया, तीन बजे तक रुकोगे?"
"माताजी, मशीन दूसरे काम पे चढ़ जाएगी. फिर सोमवार."
"सोमवार तो सोमवार."
"और मैडम पूछेंगी तो?"
"मेरा नाम बता देना."

नलूताईंचा फोन वाजून राहिला आहे. फोल्डरात सत्तावीस फायली, सगळ्या मिळून आधीच्या एका बायोडाटाएवढ्याही नाहीत. मेधाची पुन्हा उघडली. दाबून तिचं पान अर्ध्या एमबीच्या आत आलं, हात स्पष्ट आहेत.

सव्वा वाजला. तीनला अजून अवकाश आहे.