ओटिलीचा श्वास आणि माझी थोरली बहीण

मी, रोस्विता हाफरकांप, वय त्रेपन्न, धंदा चष्मे बनवण्याचा, राहणार ब्राउनश्वाइग, येत्या मंगळवारी हृदयाची झडप बदलून घ्यायला जात आहे. सबब पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली नसताना, मात्र बऱ्याच जणांवर वैतागलेली असताना, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते.

१. दुकान आणि भिंगं घासायचं यंत्र माझी सहकारी सिल्के हिला. ती गिऱ्हाइकाला खरं सांगते. तेवढ्यावर धंदा कसा चालतो ते तिचं तिनं पाहावं.

२. शहराच्या सामायिक बागेत भाड्याने घेतलेल्या माझ्या तुकड्यावरची झोपडी मेहुणे फोल्कमार, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, यांना. माझं कुंपण वीतभर जास्त उंच आहे अशी तक्रार तिथले नियम ठरवणाऱ्या बागमंडळाकडे यांनीच केली होती. आता कुंपण त्यांचं. स्वतः कापावं.

३. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक थोरली बहीण इर्मट्राउट हिला, पण सोबत माझी अजगरीण ओटिली घ्यावी लागेल. तिला सांभाळणारं दुसरं कुणी नाही; प्राण्यांच्या आश्रमात टाकून दिलेले साप आधीच दाटीवाटीने पडलेत. माझा जीव अडकलाय तो इथेच.

गेल्या फेब्रुवारीत मी तपासणीसाठी इस्पितळात, आणि इर्मट्राउट घर सांभाळायला. बाहेर बर्फ पडो की काही होवो, सकाळी खिडक्या सताड उघडून घर गारठवल्याशिवाय आमच्यातल्या चांगल्या घरच्या माणसाला कॉफी गोड लागत नाही. तिने खिडक्या उघडल्या, शिवाय ओटिलीच्या उबदार काचपेटीचं दारही उघडलं: बिचारीला ताजी हवा! मी परतले तर ओटिली मान उभारून, तोंड वासून बसलेली.

"बघ, तुला पाहून हसतेय," इर्मट्राउट म्हणाली.

"अगं बाई, तिला श्वास घेता येत नाहीये! नाकावर बुडबुडे दिसत नाहीत तुला?"

"सर्दी असेल. कॅमोमाइलच्या फुलांची वाफ देऊ?"

"रुमालही दे," सोफ्यावरून फोल्कमार.

डॉक्टरकडे नेलं, न्यूमोनिया निघाला. इंजेक्शनं मी टोचली, रुसवा इर्मट्राउटने धरला.

४. म्हणून तिने हे पाठ करावं. सापाला आपल्यासारखं खोकता येत नाही. छातीतला चिकटा आतच साचतो. तोंड उघडं ठेवून श्वास, लाळेच्या तारा, नाकाशी फेस, श्वासागणिक शिट्टी किंवा टकटक, सतत वर धरलेली मान, समोरच्या उंदराकडे दुर्लक्ष: यातलं काहीही दिसलं तर लगेच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे. कात टाकताना कधी नुसती शिट्टी वाजते; कात गेल्यावरही राहिली, तर तो आजारच. निलगिरीचं तेल चोळायचं नाही. 'रविवारी कुणाला त्रास देणं बरं दिसत नाही' हेही चालणार नाही.

५. काल इर्मट्राउट सूप घेऊन आली आणि इथवर वाचून भडकली. "मला काय शाळेतली पोर समजतेस?" मग काचपेटीला कान लावून बराच वेळ उभी राहिली.

"काहीच ऐकू येत नाही, रोझी."

"येऊ नयेच, बये."

"म्हणजे ती ठीक आहे?"

"हो."

"आणि तू?"

मी सूप गरम करायला ठेवलं. सबब कलम तीन कायम.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात.

सही: रोस्विता हाफरकांप
ब्राउनश्वाइग, ३ नोव्हेंबर २०२३

साक्षीदार १: सिल्के ओल्डेनडॉर्फ

साक्षीदार २: इर्मट्राउट ब्रेडेमायर. वाचलं, अर्धं खोटं आहे. साप सोमवारी नेते, पण उसना. इस्पितळातून सुटलीस की स्वतः येऊन घेऊन जायचा. मी ठेवून घेणार नाही.