मोकळ्या हातांचं वाक्य

प्रिय स्वरदा,

हे पत्र मनीषच्या हाती पाठवतोय. तो कंपनीची कॅब घेऊन रोज हिंजवडीला जातो, मारुंजीत तुझ्या सोसायटीच्या गेटवर देईन म्हणाला. गुरुवारच्या आत तुला मिळायला हवं. व्हॉट्सॲपवर चार वेळा लिहिलं आणि पुसलं, तुला नुसतं 'टायपिंग' दिसलं असेल. फोन केला असता तर तू नेहमीसारखं "एक मिनिट हं" म्हणाली असतीस, आणि त्या एका मिनिटात माझा धीर गेला असता.

गुरुवारी तू नलिनी मॅडमना घेऊन मुळशीला येणार. रंभाबाईंचं ते वाक्य तुझ्या एम.ए.च्या प्रबंधात वाचून मॅडमना ती बाई स्वतः ऐकायचीय, मगच त्या तुला पीएच.डी.साठी घेणार. तू तीनदा लिहिलंस, रंभाबाईंना घरी थांबायला सांग. सांगितलं. त्या घरीच असतात. अडचण ती नाही.

इकडे भातकापणी चाललीय. म्हणजे ज्यांची खाचरं राहिलीत त्यांची. आमच्या खाचरावर रिसॉर्टवाल्याने पोहायचा तलाव केलाय. बगळे अजून सवयीने येतात, कडेला उभे राहतात, निळ्या पाण्यात मासा शोधतात आणि उडून जातात. परवा अर्धा तास मी तेच बघत बसलो. बघ, भरकटलो.

तू गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा आलीस तेव्हा कोंडिबाकाका मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "समदी पोरं हिंजवडीत कंपूटरवर बसत्यात, आन ही उलटी हिकडं काय शोधाया आली? शिकून व्हणार काय, तलाठी?" मी तुला ते विचारलं, आणि तू माझ्या गाडीवर मागे बसून ओरडून ओरडून सांगितलंस. नेट-सेट देऊन प्राध्यापक होता येतं, स्पर्धा परीक्षेला समाजशास्त्र घेता येतं, संस्थांमध्ये काम असतं, आणि हिंजवडीतल्या कंपन्यांनासुद्धा लोक असे का वागतात हे सांगणारी माणसं लागतात. हेल्मेटमुळे अर्धं ऐकू आलं. मी काकांना सांगितलं, तलाठ्यापेक्षा मोठं काहीतरी आहे. काका म्हणाले, "मंग सात-बारा काढून देईल का?"

पण माझ्या डोक्यात ते बसलं. लोक असे का वागतात हे शिकवणारं कॉलेज असतं! मी बारावी दुसऱ्या खेपेत पास झालेला माणूस. रिसॉर्टच्या किचनमध्ये चार महिने, बोटीवर दोन, गोव्यात एक सीझन, हिंजवडीत पार्सल वाटत पाच. कुठेच टिकलो नाही आणि का टिकलो नाही हे मला कुणी विचारलं नाही. तुला सांगितलं नव्हतं, जुलैत मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. विषय तुझाच, समाजशास्त्र. तू हसशील म्हणून गप्प होतो. पुस्तकं आली ती तशीच पडली होती. तुझा मेसेज आला त्या दिवशी संशोधन पद्धतीचं पुस्तक उघडलं, म्हटलं गुरुवारी मॅडमसमोर दोन शब्द बोलता यावेत. मुलाखतीच्या धड्यात लिहिलंय, उत्तर देणाऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. त्या पानाच्या पुढे गेलोच नाही.

तुला डेंग्यू झाला तो आठवडा आठव. सात मुलाखती राहिल्या होत्या. तू मला रेकॉर्डर दिलास, प्रश्नांचे कागद दिलेस, आणि म्हणालीस, कुणी रेकॉर्डरला नाही म्हटलं तर जसंच्या तसं लिहून आण. सहा मी नीट केल्या, देवाशपथ. सातव्या रंभाबाई. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. "त्ये यंतर आदी बंद कर," म्हणाल्या. मी एकेक प्रश्न वाचला. जमीन विकून काय वाटतं? "काय न्हाई बाबा, बरं हाय." दिवस कसा जातो? "बरा जातुया." चार पानांचे प्रश्न आणि उत्तर एकच. तुला अंगात ताप असताना हे कोरे कागद कसे द्यायचे? मी धरणाच्या काठावर जाऊन बसलो आणि लिहिलं.

काल मी रंभाबाईंकडे गेलो होतो. खरं सांगतो, पढवायला. म्हटलं मावशी, गुरुवारी बाया येतील, त्यांना फक्त एवढं म्हणा. वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "आरं मुडद्या, चाळीस वर्सं गुडघाभर चिखलात वाकले. आत्ता कुटं पाठ सरळ झाली. हात मोकळे झाले त्ये लई ब्येस झालं. मी रडू कशाला?" मी हात जोडले. म्हटलं, एका पोरीचं शिक्षण अडकलंय. तर म्हणाल्या, "ह्ये तुजं बोलणं हाय, एकनाथ. माज्या तोंडात कशाला घालतुयास?" आणि वर चहा ठेवला माझ्यासाठी. तो पिऊन मी उठलो. दुसरं काय करणार?

तर स्वरदा, ते वाक्य माझं आहे. 'जमीन गेली तवा वाटलं, हात मोकळे झाले. आता सकाळी उठून ह्या मोकळ्या हातांचं काय करायचं, त्ये कुणी सांगंना.' माझ्या आबांनी खाचर विकलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तुझ्या यादीत मुळशीतली एकवीस घरं होती आणि एकविसांच्या दारात गाडी मी उभी केली. आमच्या दारात आपण कधी थांबलो नाही, कारण गाडी माझीच होती. रोज वाटायचं, आज विचारेल. त्या काठावर हातात तुझे प्रश्न आणि समोर कुणीच नाही, तेव्हा मी मलाच विचारले. लबाडी करतोय असं तेव्हा वाटलंच नाही, उलट पहिल्यांदा कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. आता त्याच वाक्यावर तू प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं केलंस, आणि ते काढून कसं घ्यायचं मला कळत नाही. मॅडमना आणलंस तर रंभाबाई खरं बोलतील. नाही आणलंस तर मॅडमना सांगणार काय? काहीही ठरव. मी गुरुवारी नऊपासून फाट्यावर गाडी घेऊन उभा असेन, तू नाही आलीस तरी.

तुझाच, बाविसाव्या घरातला,
एकनाथ