माणिकबाईचा तारांकित प्रश्न

मुक्काम पिंपळझिरा, तालुका मोर्शी
संक्रांत झाल्यावरचा सोमवार

व्याही खुशालराव यांच्या सेवेशी, तेल्हारा मुक्कामी,

केशवरावाचे कोपरापासून दंडवत. (आमच्याकडे रिद्धपूरच्या महानुभावी वळणाने दंडवत चालतो आणि तुमच्याकडे रामराम. लग्नात यावरून दोन्हीकडची माणसं बराच वेळ नुसतीच हात जोडून उभी राहिली होती, आठवत असेल. तेव्हा तुम्हाला मानवेल तो घ्यावा आणि उरलेला विहीणबाईंना द्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाई साखरेच्या गोळ्या वेळेवर घेतात की अजून शेजारणीला विचारून घेतात? कापूस वेचून झाला असेल. इकडे मृग बहाराची संत्री झाडावर आहेत, माकडं त्यांच्या वाट्याची नेतात, बाकीची आमची. माझी तब्येत बरी आहे. जेवण जातं, झोप येत नाही, आणि घरात मीठ कुठे ठेवलं आहे हे मला अजून सापडत नाही, कारण ते माणिकबाई ठेवायची.

सूनबाई वर्षालीची बातमी तुम्हाला फोनवर कळलीच आहे. तिसरा महिना आहे, म्हणजे आषाढ-श्रावणाचा सुमार. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. तर आमच्या गावात रेंज फक्त पुलावर येते आणि पुलावर नेहमी दहा माणसं बसलेली असतात. तिथून बोललं की खबर आधी मोर्शीच्या बाजारात पोचते आणि मग तुमच्या कानात. दुसरं कारण, मला तुम्हाला दिलेल्या शब्दाबद्दल लिहायचं आहे. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे तुमच्याकडे झालं, आरती तेल्हाऱ्यात जन्मली. तेव्हा ओटी भरताना मी चारचौघांत छाती काढून म्हणालो होतो, "दुसऱ्याच्या वेळी तुमाले तसदी नाई व्याही. दुसरं आमच्या घरी. तवरोक आमचा पूल होऊन जाईन." तर पूल झाला आहे, हे आधी सांगतो.

पूल झाला आहे आणि उत्तम झाला आहे. नाल्याच्या मधोमध चार खांबांवर भक्कम उभा आहे, कठडे आहेत, कठड्यांना पिवळा-काळा रंग आहे. फक्त त्याच्यावर जायला रस्ता नाही. इकडच्या काठापासून पुलापर्यंत खड्डा, आणि पुलापासून तिकडच्या काठापर्यंतही खड्डा. या तुकड्याला पोचमार्ग म्हणतात आणि पोचमार्गाचं काम वेगळं असतं, त्याची मंजुरी वेगळी असते, असं साहेब लोक सांगतात. उन्हाळ्यात आम्ही पुलाखालून जातो. गावाने वर चढायला इकडून एक शिडी लावली आहे. बायका वर मिरच्या वाळवतात, पोरं रेंज घेतात, मागच्या वैशाखात एका नवरदेवाचे फोटोही तिथे काढले. बकऱ्या कशा चढतात हे मात्र अजून कोणाला कळलेलं नाही. तेव्हा पुलाचा काही उपयोग नाही असं आम्ही म्हणत नाही.

मागच्या श्रावणातलं तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुम्ही दहाव्याला आलात तेव्हा मला नीट बोलता आलं नव्हतं. त्या सकाळी माणिकबाईच्या छातीत कळ आली. नाल्याला पूर होता. खालून जाण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून तुमचा जावई गोपाल, देवराव आणि मी तिला बाजेवर बांधलं आणि शिडीवरून पुलावर चढवलं. (देवराव आमचा शेजारी. त्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून माझं पाच वर्षं बोलणं नव्हतं. त्या दिवशी त्याने बाजेचा जड पाय धरला.) पुलावर पाणी नव्हतं. आम्ही पळत दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथे थांबलो, कारण तिथे पूल संपतो. पुढे पंधरा-वीस हात लोंढा आणि पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका उभी. ड्रायव्हर बिचारा ओरडत होता, "जिभीखाली गोळी ठेवा! जिभीखाली!" गोळी त्याच्याकडे होती. माणिकबाईने मला विचारलं, "आलो का आपुन?" मी म्हटलं, "आलो." मग तिने काही विचारलं नाही.

नंतर पाणी उतरल्यावर आमदार सांत्वनाला आले. वाईट माणूस नाही, शिडी चढले, घामाघूम झाले, कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "काका, हा विषय मी सभागृहात नेतो. तारांकित प्रश्न टाकतो." त्यांचे स्वीय सहायक देवानंद (अमरावतीचा पोरगा, दोन फोन, दोन्ही कानांना) याने मला समजावलं की साध्या प्रश्नाला कागदावर उत्तर मिळतं, पण तारांकिताला मंत्र्याला उभं राहून तोंडाने उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्नही झेलावे लागतात. मला फार बरं वाटलं. आयुष्यभर माणिकबाईच्या नावापुढे 'सौ.'शिवाय काही लागलं नव्हतं, आता तारा लागणार होता.

अधिवेशन नागपूरला. माझे वडील सांगायचे, मध्यप्रांत आणि वऱ्हाड असं राज्य होतं तेव्हा नागपूर ही आपलीच राजधानी. मग आपण मुंबईच्या घरात गेलो, आणि जाताना करार झाला की सरकारने वर्षातून एकदा तरी नागपूरला येऊन सभा भरवावी. मुलगी देताना आपण नाही का कबूल करून घेत, की सणाला आणाल म्हणून? तेव्हापासून सरकार डिसेंबरात येतं, हुरडा खातं, थंडी छान आहे म्हणतं, आपली संत्री पिशवीत भरतं आणि विमानाने परत जातं. मोर्चेही त्या दिवसांतच निघतात, बाकीचं वर्ष मोर्चा काढायचा तर कोणासमोर काढायचा? मी गेलो तेव्हा रस्त्यावर एकीकडे अंगणवाडीच्या बाया, दुसरीकडे बिनपगारी मास्तर, आणि मधून मी देवानंदने दिलेला प्रेक्षक गॅलरीचा पास घेऊन, लग्नाच्या पंगतीत घुसलेल्या माणसासारखा.

दारावर माझा कोट काढून घेतला. कोट काळा होता. काळं काही आत चालत नाही, माणूस निषेधाला उभा राहील अशी त्यांना भीती असते, असं देवानंद म्हणाला. मी शिपायाला सांगितलं, "बापू, मी निषेधाले नाई आलो, थंडीले आलो." तो म्हणाला, "काका, थंडी आत बी हाय, पन कोट बाहेरच ठेवा." मग फोन, छत्री आणि तंबाखूची डबी. वर गॅलरीत सूचना झाली की बोलायचं नाही, हसायचं नाही, टाळी वाजवायची नाही, खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. मी सदऱ्यावर कुडकुडत हात मांडीवर ठेवून बसलो. सोयऱ्याच्या दारी इतका नीट बसलो असतो तर माझं लग्न दोन वर्षं आधी झालं असतं.

प्रश्नोत्तराचा तास एकच असतो आणि त्यासाठी प्रश्नांची मोठी रांग असते. आमचा नंबर मधला होता. पहिला प्रश्न कुठल्या तरी बंदराचा. दुसरा बिबट्यांचा, त्यात सगळ्यांना फार रस (प्रत्येकाच्या मतदारसंघात एक तरी बिबट्या असतो, आणि नसला तर तो आणून सोडा अशीही एकाने मागणी केली). तिसऱ्या प्रश्नाला एक जण दुसऱ्याच्या भाषणावर काही बोलला, दुसरा उठला, मग बरेच उठले, मधल्या मोकळ्या जागेत येऊन घोषणा सुरू झाल्या. अध्यक्ष घंटा वाजवत होते. मी आमच्या आमदारांना शोधत होतो. ते त्या वेळी बाहेर पायऱ्यांवर टीव्हीवाल्यांना याच गोंधळाबद्दल सांगत होते. कामकाज तहकूब झालं, पुन्हा भरलं, पुन्हा तहकूब झालं आणि तास संपला. मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "आता आमच्या प्रश्नाचं काय?" शिपायाने माझ्याकडे डोळे वटारले, कारण मी बोललो होतो. अख्ख्या सभागृहात त्या दिवशी नियम मोडल्याबद्दल डोळे वटारले गेले ते फक्त माझ्यावर.

जे प्रश्न तोंडी घ्यायचे राहतात, त्यांची छापील उत्तरं सभागृहापुढे ठेवली असं मानतात. म्हणजे मंत्री उठला नाही, बोलला नाही, पण उत्तर झालं. देवानंदने मला ते छापील पान आणून दिलं. पाठ झालं आहे, तसंच्या तसं लिहितो. प्रश्न होता: (१) मौजे पिंपळझिरा येथील नाल्यावर पूल नसल्यामुळे एका महिलेचा उपचाराअभावी मृत्यू झाला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तर: (१) हे खरे नाही. पुलाचे काम पूर्ण झाले असून, मृत्यूसमयी सदर महिला पुलावर होती. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

खुशालराव, मी ते पान घेऊन विधानभवनाच्या भिंतीपाशी बराच वेळ उभा होतो. एक अक्षर खोटं नाही हो त्यात. पूल आहे. ती पुलावर होती. आम्हीच तिला शिडीने वर नेली, नसती नेली तर सरकारला असं छान उत्तर देता आलं नसतं. तिला वाचवायला आम्ही जेवढी धडपड केली, तेवढी सगळी खात्याच्या उपयोगी पडली. मला त्या वेळी हसू आलं, आणि मग ते हसू आवरेना, आणि एका पोलिसाने मला पाणी पाजलं तेव्हा कळलं की मी रडत होतो.

देवानंदला मी म्हटलं, बाबू, 'पोचमार्ग नसल्यामुळे' असं लिहायचं होतं ना. तो म्हणाला, "काका, मोर्शीहून तालुक्याच्या माणसानं 'पूल' सांगतलं, मी 'पूल' टाइप केलं. मी कुठं पाह्यला तुमचा पूल?" मग पुन्हा विचारा! तर एकदा उत्तर झालेला प्रश्न लगेच पुन्हा घेत नाहीत म्हणे. पण पोराला वाईट वाटलं असावं, कारण त्याने मला गर्दीतून ओढत नेऊन व्हरांड्यात चक्क मंत्र्यांसमोर उभं केलं. मंत्र्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "बाबा, पावसाळ्याच्या आत पोचमार्ग करून देतो." मी पाया पडायला निघालो होतो. परतीच्या गाडीत देवानंदने सांगितलं की मंत्र्याने सभागृहात उभं राहून दिलेलं आश्वासन कागदावर चढतं, त्याच्या मागे लागायला आमदारांची वेगळी समितीच असते, वर्षानुवर्षं ती आश्वासनं हुडकत बसते. "आनि व्हरांड्यातलं?" मी विचारलं. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "व्हरांड्यातलं असंच असते काका."

तर सांगायचं ते एवढंच, की काळजी नसावी. मंत्र्यांचा शब्द आहे, आमदारांचं लक्ष आहे, पूल तर आहेच. वर्षालीचं दुसरं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडेच होईल. देवरावची बायको ज्योत्स्ना येऊन जाऊन हाताशी असेल. पहिल्या वेळी तुम्ही केलंत, आता आमची पाळी, आणि यात मी कोणाचं ऐकणार नाही. विहीणबाईंना बारशाला बोलावणं आतापासून आहे. आरतीचा आजोबांना पापा, आजीला दोन.

आपला व्याही,
केशवराव

ता. क. संत्र्यांची एक पेटी अकोल्याच्या गाडीवर ठेवतो. वरचा थर मी निवडला आहे, खालचा गोपालने घाईत भरला, तेव्हा आधी खालचा थर संपवा.

ता. क. दुसरा. इथवरचं पत्र गोपालने वाचलं, आईबद्दलचं दोनदा वाचलं, आणि "बरं लिवलं बाबा" म्हणून बागेला पाणी द्यायला गेला. आता खरं लिहितो. पोचमार्गावर अजून एक टोपली मुरूम पडलेला नाही. गोपालला मंत्र्यांच्या शब्दाचा भरवसा आहे, आणि वर्षाली माणिकबाईच्या फोटोकडे पाहून म्हणते, "मामंजी, आत्याबाईच्या घरातच होऊ द्या माहं." मी दोघांना नाही म्हणू शकत नाही, कारण शब्द माझाच आहे. म्हणून तुम्ही मृग लागायच्या आधी या आणि वर्षालीला आरतीसकट तेल्हाऱ्याला घेऊन जा. विहीणबाईंची साखर वाढली आहे, लेक जवळ पाहिजे, असं सांगा. त्यांना आजारी पाडल्याबद्दल माझ्यातर्फे माफी मागा. सासरच्यांनी दुसरं बाळंतपणही माहेरावर ढकललं असं लोक म्हणतील, ते माझ्या नावावर राहू द्या.

ता. क. तिसरा. तुम्ही आलात की मला सगळ्यांसमोर भांडावं लागेल. शब्द मोडताय म्हणेन, तुमच्या घरात पाय ठेवणार नाही म्हणेन, तुमच्या तेल्हाऱ्यालाही दोन शब्द ऐकवीन. तुम्ही उलट बोलू नका आणि चहालाही थांबू नका. मी कितीही आवाज चढवला तरी पोरीला गाडीत बसवल्याशिवाय परत फिरू नका.